झोप, जागरण आणि जुनून : एका विसरलेल्या जाणिवेचा इतिहास

मुसलमानांच्या इतिहासावर आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात बादशहा, लढाया, सूफी आणि शायर यांना भरपूर जागा मिळते. आजारी माणसाला ती क्वचितच मिळते आणि मनाने आजारी असलेल्याला तर मिळतच नाही. जणू आपल्या पूर्वजांमध्ये कुणाचे मन कधी बिघडलेच नव्हते! वस्तुस्थिती वेगळी आहे. मनाच्या आजारांवरचे जगातले काही जुने आणि समंजस लेखन अरबी व फारसी भाषांत झालेले आहे. त्या लेखनात झोपेला, रोजच्या दिनक्रमाला आणि मनावरच्या ताणाला जे स्थान होते ते आज आपल्या घरांत उरलेले नाही. हे कसे घडले आणि डोंगरकड्यासारख्या गावातली कुटुंबे त्याची किंमत कशी मोजतात, हे या लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. आम्ही डॉक्टर नाही, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारे शिक्षक आहोत. औषधाचा सल्ला देणे आमचे काम नाही. इतिहास सांगावा आणि त्यातून काय घ्यायचे ते वाचकांसमोर ठेवावे, एवढाच हेतू आहे.

ज्या आजाराविषयी लिहीत आहोत त्याला डॉक्टर बायपोलर मूड डिसऑर्डर म्हणतात. मराठीत द्विध्रुवीय मनोविकार हा शब्द रूढ झाला आहे. या आजारात मन दोन टोकांमध्ये हेलकावे खाते. एका टोकाला उन्माद असतो. माणूस रात्र रात्र झोपत नाही आणि तरीही थकत नाही. भराभर बोलतो, मोठमोठे बेत आखतो, उधारी करून पैसा उडवतो, अडवले तर अंगावर येतो. कधी स्वतःला वली किंवा फार मोठा पुढारी समजू लागतो. दुसऱ्या टोकाला उदासी असते. तोच माणूस अंथरुणातून उठत नाही, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही आणि मरणाच्या गोष्टी करतो. मधल्या काळात मात्र तो चारचौघांसारखा नीट वागतो, कामावर जातो, नमाजला येतो. हा मधला काळच घरच्यांना फसवतो. 'आता बरा झाला, गोळ्या कशाला?' असे म्हणून औषध बंद होते आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच सुरू होते.

आपल्या भागात या दोन टोकांना दोन वेगवेगळी नावे आहेत. उन्माद आला की लोक आसेब, जिन्न, करणी किंवा 'बाहेरचे' म्हणतात. उदासी आली की त्याच माणसाला आळशी आणि कामचुकार ठरवतात. पहिल्या वेळी त्याला आमिलाकडे नेले जाते, दुसऱ्या वेळी शिव्या दिल्या जातात. दोन्ही एकाच आजाराची रूपे आहेत हे लक्षातच येत नाही.

तिब्बची सहा कारणे

युनानी तिब्बचे मूळ ग्रीक विद्येत आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गॅलनचे ग्रंथ अरबीत आणले. पुढे अरब व इराणी हकिमांनी त्यात स्वतःच्या अनुभवाची भर घातली. या तिब्बचा एक पाया म्हणजे 'अस्बाबे सित्ता जरूरिया', म्हणजे माणसाचे आरोग्य ज्यांच्यावर अवलंबून असते अशी सहा अनिवार्य कारणे. हवा, अन्न आणि पाणी, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जागरण, शरीरातून काय बाहेर टाकावे आणि काय राखावे. युनानी महाविद्यालयांतले विद्यार्थी आजही ही यादी शिकतात.

या सहांपैकी चौथे आणि पाचवे कारण पाहा. राग, भीती, दुःख, अतिआनंद हे सगळे 'मनाच्या हालचाली'त येते. आजच्या भाषेत त्यालाच आपण मानसिक ताण म्हणू. झोप आणि जागरण यांना तर हकिमांनी स्वतंत्र जागा दिली. हवा आणि पाण्याशिवाय माणूस जगत नाही, तितकीच वेळेवरची झोप त्यांनी गरजेची मानली.

अबू जैद अल-बलखी (८५० ते ९३४) या विद्वानाने शरीर आणि नफ्स या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात घर, अन्न, झोप, स्नान, व्यायाम यांची चर्चा आहे. दुसऱ्यात राग, भीती, दुःख आणि मनात घोळत राहणारे वाईट विचार यांची. शरीर बिघडले की मनाला त्रास होतो आणि मन बिघडले की शरीराला, असे त्याचे सांगणे आहे. त्याच्याच काळात आजच्या ट्युनिशियातील कैरवान येथे इसहाक इब्न इमरान या हकिमाने मालिखोलियावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आजाराच्या कारणांमध्ये त्याने लाडके मूल गमावणे आणि जिवापाड जपलेला ग्रंथसंग्रह गमावणे या दोन्हींचा उल्लेख केला. अकराव्या शतकात या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपच्या वैद्यांनी तो अभ्यासला. इब्न सीनानेही (९८० ते १०३७) आपल्या 'कानून' मध्ये मालिखोलिया आणि उन्माद यांची चर्चा मेंदूच्या आजारांसोबत केली. जिन्नांच्या गोष्टी त्याच्या काळातही लोकांत होत्या. पण हकीम म्हणून लिहिताना त्याचे लक्ष शरीरातल्या कारणावर आणि उपचारावर होते.

या हकिमांचे सगळेच बरोबर होते असे मुळीच नाही. चार खिल्तांचा त्यांचा सिद्धांत आणि काळ्या पित्तामुळे उदासी येते हे मत विज्ञानाने केव्हाच मागे टाकले आहे. तरीही आजारी माणसाचे ऐकून घ्यावे, त्याच्या झोपेची चौकशी करावी, त्याला शांत जागी ठेवावे ही त्यांची रीत आज वाचतानाही पटते. नूरुद्दीन झंगीने ११५४ मध्ये दमास्कसला आणि सुलतान कलावूनने १२८४ मध्ये कैरोला जे मारिस्तान बांधले, त्यांत मनाच्या रुग्णांचीही सोय होती. तुर्कस्थानातल्या एदिर्ने शहरात सुलतान बायजीद दुसरा याच्या १४८८ च्या शफाखान्यात रुग्णांसाठी वाद्यसंगीत होत असे आणि कारंज्याच्या पाण्याचा आवाज त्यांच्या कानी पडेल अशी रचना होती. दख्खनमध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९५ मध्ये हैदराबादला दारुश्शिफा उभारले. त्या मोहल्ल्याला आजही तेच नाव आहे.

मीर आणि चांदण्या रात्री

उर्दू शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मीर तकी मीर (१७२३ ते १८१०) माहीत असतो. त्याच्या आयुष्यातला एक प्रसंग मात्र वर्गात फारसा सांगितला जात नाही. लहानपणीच त्याचे वडील वारले. आग्रा सोडून तो दिल्लीला आला आणि एका अमिराकडून त्याला वजिफा मिळू लागला. १७३९ मध्ये नादिरशहाच्या स्वारीत तो अमीर मारला गेला आणि आधार तुटला. पुढे तो सावत्र मामा खान-ए-आरजू यांच्या घरी राहिला. तिथे आपला छळ झाला असे त्याने स्वतः लिहिले आहे. याच काळात त्याचे मन बिघडले. चांदण्या रात्री चंद्रातून एक सुंदर आकृती आपल्याकडे येते असे त्याला दिसू लागले. रात्रीमागून रात्री तो तिच्यासाठी जागा राहू लागला. लोक त्याला घाबरू लागले. त्याला कोठडीत ठेवण्यात आले, ताविज झाले, औषधे झाली, रक्त काढण्यात आले. हळूहळू तो बरा झाला. हे सगळे त्याने 'जिक्रे-मीर' या फारसी आत्मकथनात आणि 'ख्वाब-ओ-खयाल' या मसनवीत सांगितले आहे.

पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान आज करणे योग्य नाही आणि मीरला बायपोलर होता असे आम्ही म्हणत नाही. आम्हाला इथे घटनांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी बापाचा मृत्यू, मग आश्रयदात्याचा मृत्यू, मग परके घर आणि अपमान. त्यानंतर रात्रीची झोप उडणे आणि शेवटी भ्रम. एका मोठ्या शायराने स्वतःच्या हाताने नोंदवलेला हा क्रम आजच्या डॉक्टरांनाही ओळखीचा वाटेल.

जालन्याचे इस्पितळ

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. आज आमचे गाव हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी तालुक्यात येते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी हा भाग परभणी जिल्ह्यात होता आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. सरकारी कामकाजाची भाषा तेव्हा उर्दू होती आणि उर्दूत वेड्यांच्या इस्पितळाला 'दारुल मजानीन' म्हणत. निजामाच्या राज्यात अशा रुग्णांना आधी हैदराबादच्या तुरुंगाच्या आवारात ठेवले जाई. आजाऱ्याला कैद्याशेजारी ठेवणे ही त्या काळची सर्वत्र चाललेली पद्धत होती. इंग्रजी मुलखातही फार वेगळे नव्हते. पुढे हे इस्पितळ जालन्याला हलवण्यात आले. म्हणजे संपूर्ण हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय कित्येक वर्षे आपल्या मराठवाड्यात होते.

१९५३ मध्ये ते जालन्याहून हैदराबादच्या एर्रागड्डा भागात नेले गेले आणि आजही तिथे चालू आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५६ मध्ये, भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा हैदराबादपासून वेगळा होऊन मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. इस्पितळ तिकडे राहिले, रुग्ण इकडे राहिले. महाराष्ट्राची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यात मराठवाड्यातले एकही नाही. जालन्याला नवे मनोरुग्णालय उभारायला राज्य शासनाने अलीकडच्या वर्षांत मंजुरी दिली, म्हणजे जे गेले ते परत मागायलाही सत्तर वर्षे जावी लागली.

याच काळातली आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९४८ च्या पोलीस ॲक्शनआधी रझाकारांनी गावोगावी अत्याचार केले आणि ॲक्शननंतर अनेक ठिकाणी सामान्य मुसलमानांवर सूड उगवला गेला. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला होता आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारचे नांदेड होते. घरे गेली, कमावते पुरुष गेले, विधवा आणि पोरकी मुले उरली. जुन्या माणसांच्या बोलण्यात 'पुलिस ॲक्शन के पहले' आणि 'बाद' असा काळाचा हिशेब असे. त्या धक्क्याने किती जणांची झोप कायमची गेली, किती जण 'खब्ती' ठरले, याची नोंद कुणी ठेवली नाही. मेलेल्यांचा अंदाज तरी झाला. मन मोडलेल्यांची कुणी विचारपूसही केली नाही.

लिथियम आणि रोजची वेळ

युरोपात १८५४ मध्ये पॅरिसच्या फाल्रे आणि बैयार्जे या दोन डॉक्टरांनी, उन्माद आणि उदासी हे एकाच आजाराचे आळीपाळीने येणारे फेरे आहेत असे मांडले. जर्मनीच्या क्रेपेलिनने १८९९ मध्ये त्याला मॅनिक-डिप्रेसिव्ह इन्सॅनिटी हे नाव दिले. क्रेपेलिनला एक गोष्ट आढळली होती. आजाराचे पहिले झटके पुष्कळदा एखाद्या दुःखानंतर किंवा धक्क्यानंतर येतात आणि पुढचे झटके कारण नसतानाही येऊ लागतात. १९९२ मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट पोस्ट यांनी याच निरीक्षणावर आपला सिद्धांत उभा केला: प्रत्येक झटका मेंदूला पुढच्या झटक्यासाठी अधिक हळवा करतो. सगळ्या अभ्यासांनी याला सारखी साथ दिलेली नाही. पण पहिल्याच झटक्यात उपचार व्हावेत याविषयी दुमत नाही.

औषधाचा शोध एका युद्धकैद्याच्या हातून लागला. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत तीन वर्षांहून अधिक काळ जपान्यांच्या कैदेत होते. परतल्यावर मेलबर्नजवळच्या एका साध्या इस्पितळात त्यांनी उन्मादाच्या १० रुग्णांना लिथियमचे क्षार दिले आणि १९४९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. लिथियम हे जमिनीतून मिळणारे साधे, स्वस्त मूलद्रव्य. आजही या आजारावरचे ते एक प्रमुख औषध आहे. मात्र रक्तातले त्याचे प्रमाण थोडे वाढले तरी विषबाधा होऊ शकते, म्हणून रक्त तपासून घ्यावे लागते आणि शरीरातले पाणी व मीठ कमी होऊ देता येत नाही.

औषध मिळाले तरी प्रश्न उरला. गोळ्या नीट घेणाऱ्यालाही पुन्हा झटका का येतो? १९८७ मध्ये अमेरिकेच्या थॉमस वेर आणि सहकाऱ्यांनी सांगितले की उन्मादाकडे जाणारे अनेक रस्ते शेवटी एकाच वाटेला मिळतात आणि ती वाट म्हणजे कमी झालेली झोप. प्रवास, बाळंतपण, मयत, रात्रपाळी, आनंदाची मोठी बातमी, कारण कोणतेही असो, झोप तुटली की धोका वाढतो. पुढच्याच वर्षी एहलर्स, फ्रँक आणि कुपफर यांनी याला व्यापक रूप दिले. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो शरीराचे घड्याळ चालवतो. या घड्याळाला रोज किल्ली देणाऱ्या दोन गोष्टी. पहिली सूर्याचा प्रकाश. दुसरी माणसांत ठरलेल्या वेळा: उठणे, जेवण, कामाला जाणे, घरी येणे, गप्पा. घरातले कुणी वारले, नोकरी गेली, घर सुटले तर दुःख तर होतेच, शिवाय या वेळाही मोडतात. ज्याच्या शरीरात हा आजार मुळात आहे त्याचे घड्याळ मग सावरत नाही. १९९८ च्या एका अभ्यासात उन्मादाच्या झटक्याआधी अशा दिनक्रम मोडणाऱ्या घटना जास्त आढळल्या. एलन फ्रँक यांनी पिट्सबर्गमध्ये औषधासोबत दिनक्रम बसवून देणारी उपचारपद्धती तयार केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७५ रुग्णांच्या अभ्यासात, झटक्याच्या काळातच ही पद्धत सुरू झालेले रुग्ण पुढच्या झटक्यापासून अधिक काळ दूर राहिले.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. ताणामुळे प्रत्येकाला हा आजार होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. ताण आणि जागरण हे ठिणगीसारखे. दारू आधीच भरलेली असेल तिथेच भडका उडतो.

हे सगळे वाचताना आम्हाला त्या सहा कारणांची आठवण होते. मनाची हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जागरण. हकिमांना मेंदूतले घड्याळ माहीत नव्हते. पण पाहायचे कुठे, हे त्यांना माहीत होते.

रमजानचा प्रश्न

आपल्या वाचकांसाठी या विषयातला सर्वात नाजूक भाग रमजानचा आहे. त्यावर मोरोक्कोच्या मुसलमान डॉक्टरांनीच काम केले. कासाब्लांका शहरात इब्न रुश्दच्या नावाचे विद्यापीठ रुग्णालय आहे. तिथल्या डॉ. नादिया कादरी आणि सहकाऱ्यांनी १४१७ हिजरीच्या रमजानमध्ये, म्हणजे १९९७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, लिथियम घेणाऱ्या २० रुग्णांना रमजानच्या आधी, महिन्यात दोनदा आणि नंतर तपासले. २००० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४५ टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला. त्यातले बहुतेक उन्मादाचे होते आणि बरेचसे दुसऱ्याच आठवड्यात आले. रक्तातल्या लिथियमच्या प्रमाणाशी या झटक्यांचा संबंध दिसला नाही. म्हणून डॉक्टरांचा संशय बदललेल्या दिनक्रमावर आणि तुटलेल्या झोपेवर गेला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पेशावरच्या डॉ. सईद फारूक आणि सहकाऱ्यांनी ६२ रुग्णांचा अभ्यास करून २०१० मध्ये लिहिले की रोजे ठेवणाऱ्या त्यांच्या रुग्णांत लिथियमचे प्रमाण फारसे बदलले नाही आणि मनःस्थिती उलट सुधारली. दोन्ही अभ्यास लहान आहेत. दोन शहरांतल्या रमजानच्या रात्री वेगळ्या, रुग्णही वेगळे. यातून एवढेच निघते की सगळ्यांना एक नियम लावता येत नाही. प्रत्येक रुग्णाने रमजानच्या पुष्कळ आधी आपल्या डॉक्टरला विचारले पाहिजे. स्वतःच्या मनाने गोळी सोडणे किंवा तिची वेळ बदलणे हे तर करूच नये.

शरीअतमध्ये यासाठी वाट ठेवलेली आहे. सूरह बकरामध्ये रोजे फर्ज करतानाच आजारी आणि मुसाफिर यांना सवलत दिली आहे: नंतरच्या दिवसांत रोजे पूर्ण करावेत, आणि ज्याला ते झेपणारच नाही त्याच्यासाठी फिदिया. मधुमेहाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला ही सवलत देताना आपण कचरत नाही. मनाच्या रुग्णाला मात्र 'हट्टाकट्टा तर दिसतो' असे म्हणून टोमणे मारतो. त्या टोमण्यांना घाबरून तो रोजा ठेवतो, गोळी सोडतो आणि ईदच्या आधी त्याला बांधून न्यावे लागते. आजार काय फक्त शरीराला होतो? मेंदू हा शरीराचाच भाग नाही का? आमच्या मते प्रत्येक मशिदीत शाबान महिन्यातल्या एखाद्या जुम्याला इमामसाहेबांनी हे दोन शब्द सांगितले, तर अनेक घरे वाचतील.

पाच वक्तांची नमाज मात्र अशा रुग्णाच्या बाजूने उभी राहू शकते. ठरलेल्या वेळी उठणे, सकाळच्या उजेडात घराबाहेर पडणे, दिवसातून अनेकदा माणसांत मिसळणे. पिट्सबर्गचे डॉक्टर कागदावर जो तक्ता भरायला सांगतात त्याचाच हा एक नमुना आहे. रात्रभराचे जागरण ही मात्र वेगळी गोष्ट. उन्मादाच्या उंबरठ्यावर असलेला माणूस अचानक खूप इबादत करू लागतो, रात्र रात्र मुसल्यावर बसतो, आणि घरचे खूश होतात. तो झोपतो किती, हे त्याच वेळी पाहायला हवे.

डोंगरकड्याच्या रात्री

आमच्या परिसरात झोप मोडायला रमजानच लागतो असे नाही. शेतीपंपांची वीज वर्षानुवर्षे आळीपाळीने येत राहिली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्या आठवड्यात वीज रात्रीची, त्या आठवड्यात शेतकरी आणि सालगडी थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत, बॅटरी घेऊन केळीला आणि उसाला पाणी द्यायला जातात. दिवसा वीज देण्यासाठी शासनाने २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आणली. शेतकऱ्याच्या झोपेच्या दृष्टीनेही तिच्याकडे पाहिले पाहिजे. साखर कारखान्याच्या हंगामात तीन पाळ्या चालतात आणि पाळी बदलली की झोपेची वेळ बदलते. ऊसतोड करणारी जोडपी पहाटेपूर्वी फडात उतरतात आणि गाडी केव्हा येईल त्याप्रमाणे मध्यरात्री मोळ्या भरतात. त्यांच्या डोक्यावर उचलीचे कर्ज असते, मुले गावी आजीजवळ असतात. ताण आणि तुटलेली झोप दोन्ही एका जागी गोळा करायची असतील तर यापेक्षा वेगळे काय करावे लागेल? आता त्यात हातातल्या मोबाईलची भर पडली आहे. रमजानमध्ये आमच्या शाळेची वेळ सकाळची होते. सहेरीपर्यंत मोबाईल पाहत बसलेली मुले पहिल्याच तासाला बाकावर डोके टेकतात. निरोगी मुलांचे हे हाल, तर ज्याच्या घराण्यात हा आजार आहे त्या तरुणाचे काय होत असेल?

आणि झटका आला की कुटुंब कुठे जाते? पुष्कळदा बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीला. तिथे सर्व धर्मांचे लोक मनोरुग्णांना घेऊन जातात. श्रद्धेने दुआ मागायला आमचा विरोध नाही. दुःखी माणसाला दिलासा हवाच असतो. पण दुआच्या नावाखाली साखळी आणि उपास घडू नयेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळताही आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली आहे आणि सरकारी उपचार हा त्याचा हक्क मानला आहे.

हक्क कागदावर असला तरी उपचार लांब आहेत. बारा राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. म्हणजे दहापैकी सात. तरीही वाट अगदीच बंद नाही. जिल्हा रुग्णालयात आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो. घरात कुणी मरणाच्या गोष्टी करत असेल तर हा क्रमांक लगेच फिरवावा आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

घरच्यांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे. रुग्णाची झोपेची आणि उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. लग्नघर असो की मयत, त्याला जागरणातून सूट द्यावी. रात्रपाळी आणि रात्रीचे पाणी शक्य तोवर भावाने किंवा शेजाऱ्याने घ्यावे. दोन-तीन रात्री झोप कमी झाली आणि बोलणे वाढले, की झटक्याची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. सून आजारी निघाली म्हणून तिला माहेरी पाठवून मोकळे होणारी घरे आपल्या समाजात आहेत. बाळंतपणानंतर अशा बाईची झोप सांभाळली असती तर कदाचित ती आजारी पडलीच नसती, हा विचार त्या घरांनी जरूर करावा.

आपल्या हकिमांनी हजार वर्षांपूर्वी झोपेला आणि मनाच्या शांतीला हवा-पाण्याच्या रांगेत बसवले होते. त्यांचा अभिमान आपण जलशांमधून सांगतो, इब्न सीनाचे नाव शाळांना आणि दवाखान्यांना देतो. त्या नावाचा खरा मान राखायचा असेल तर गल्लीत कुणी रात्र रात्र जागून बडबडू लागला म्हणजे पोरांना दगड मारू देण्याऐवजी त्याच्या घरच्यांना एवढेच विचारावे: 'भाईजान, याची झोप किती दिवसांपासून गेली आहे? चला, उद्या सकाळी नांदेडला जाऊ.'